घराजवळून उच्चदाब वाहिनी जाते? भाव ठरवण्याआधी हे तपासा

घरामागून उच्चदाब वाहिनी जात असेल तर भावातून सरसकट दहा टक्के कापायचे, असा ठोकताळा बरेच जण लावतात. तो चुकतो, कारण गिऱ्हाईक मागे सरकतं ते तीन निरनिराळ्या कारणांनी: जागेवरची बंधनं, खिडकीतून दिसणारा मनोरा आणि आरोग्याची धास्ती. तिन्ही वेगळी मोजा.

आधी वाहिनी ओळखा. गल्लीतल्या खांबांवरून घरोघरी वीज नेणाऱ्या तारांमुळे भाव सहसा हलत नाही. त्या सगळ्यांच्याच दारात असतात. प्रश्न येतो पोलादी मनोऱ्यांवरून लांबवर वीज नेणाऱ्या पारेषण वाहिनीचा. तिचा दाब जमिनीवरूनही ताडता येतो. तार ज्या चकत्यांच्या माळेला लटकते, त्या चकत्या मोजा. 9-10 असतील तर साधारण 132 केव्ही (किलोव्होल्ट), 14च्या आसपास 220, आणि 23 ते 25 म्हणजे 400. माळेऐवजी एकसंध पॉलिमरचा इन्सुलेटर असेल तर ही युक्ती चालत नाही. मनोऱ्यावरची पाटी वाचा.

मग कागद. खरं नुकसान होतं ते इथेच, आणि घर बघायला आलेले लोक नेमकं हेच विचारायचं विसरतात. वाहिनीखालच्या पट्ट्यावर वीज कंपनीचा सुविधाधिकार असतो. जमीन मालकाच्या नावावर, पण त्या पट्ट्यात वाढीव खोली, शेड किंवा उंच झाड यांना बहुधा मनाई, आणि दुरुस्तीला किंवा फांद्या छाटायला कंपनीची माणसं आत येऊ शकतात. पट्टा किती मीटर आणि कुठून मोजायचा, हे कंपनीकडून लेखी घ्या. मनोऱ्याच्या पायापासून टेप लावणं ही नेहमीची चूक. सर्वांत बाहेरची तार मध्यरेषेपासून काही मीटर लांब असते, वाऱ्याने घराकडे झुलते, आणि ऊन व भार वाढला की धातू तापून लांबतो व तारेचा झोळ खाली येतो. हिवाळ्याच्या सकाळी भरपूर वाटलेलं अंतर उन्हाळ्याच्या दुपारी अपुरं ठरू शकतं. 400 चौरस मीटरच्या प्लॉटपैकी 120 पट्ट्यात जात असतील, तर त्या 120ला बांधकामयोग्य जमिनीचा दर लावू नका. ती फार तर बागेची जागा. उभं बांधकामच पट्ट्यात शिरलं असेल आणि परवानगीचं पत्र नसेल, तर बयाणा देऊच नका. कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर तिथेच अडतो.

दृश्याचा हिशेब घरात उभं राहून करा. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, बाल्कनीत, पलंगावर बसून: मनोरा समोर येतो, की दोन मनोऱ्यांमधल्या नुसत्या तारा? तारांची सवय होते, मनोऱ्याची होत नाही. एक फेरी दमट पहाटे किंवा रिमझिम पावसात मारा; मोठ्या दाबाच्या तारांची चरचर तेव्हाच ऐकू येते, कोरड्या दुपारी नाही. अभ्यासांत जिथे घट दिसली तिथे ती बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आतच आहे, आणि शंभरेक मीटरपलीकडे विरळ होत जाते. वाहिनी नवी असताना फटका जास्त बसतो, पुढे तो ओसरतो. उलट, मनोरा समोर नसेल तर मागचा मोकळा पट्टा हीच जमेची बाजू ठरू शकते, कारण तिथे इमारत उभी राहणार नाही.

आरोग्याबद्दल विचारणाऱ्याला उडवून लावू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 साली अशा तारांमधल्या प्रवाहामुळे भोवती तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2बी गटात टाकलं. सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या (हे या क्षेत्राचं एकक) वर मुलांमधल्या ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशी, सांख्यिकीय संबंध दिसला, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. अल्पकालीन परिणामांवर आधारलेली, लोकांसाठीची 2010ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे. भिंत हे क्षेत्र अडवत नाही, अंतर मात्र झपाट्याने कमी करतं. तीन अक्षांचा गॉसमीटर, म्हणजे तिन्ही दिशांनी चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, भाड्याने आणा आणि घराचा मेन स्विच बंद करून झोपायच्या जागी मोजा, नाहीतर फ्रिज आणि वायरिंगचं क्षेत्रही त्यात येईल. क्षेत्र तारेतल्या विद्युतप्रवाहानुसार बदलतं, म्हणून एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. मीटर मिलिगॉस दाखवत असेल तर दहाने भागा, म्हणजे मायक्रोटेस्ला मिळतील. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. त्यातला सेन्सर पृथ्वीचं स्थिर क्षेत्र मोजायला बनवलेला असतो.

आता तुलना. त्याच वस्तीत गेल्या दोन वर्षांत विकली गेलेली, सारख्या वयाची आणि आकाराची घरं घ्या: दोन-तीन वाहिनीलगतची, दोन-तीन 200-300 मीटर लांबची. जाहिरातीतला भाव नको, नोंदणीतला घ्या. विक्रीला किती दिवस लागले हेही लिहा. पुष्कळदा भाव सारखाच मिळतो पण घर दुप्पट काळ पडून राहतं. खरेदीदाराने घासाघीस करताना ही दोन्ही टिपणं समोर ठेवावीत, आणि हीच सूट उद्या विकताना आपल्यालाही द्यावी लागेल हे धरून चालावं.

विकणाऱ्याने पट्ट्याचा नकाशा, कंपनीचं पत्र आणि मोजमापाचे आकडे पहिल्याच भेटीत द्यावेत. फोटोतून मनोरा कापला तर गिऱ्हाईक फाटकातूनच परत जातं. आडोसा हवा असेल तर पट्ट्याबाहेर, घराच्या जवळ, मध्यम उंचीची दाट झाडं लावा: डोळ्यांजवळचं छोटं झाड लांबचा मोठा मनोरा झाकतं.