भातशेतीचा नफा आणि घरचा तांदूळ : गोव्यातील शेतकऱ्यांनी या चुका टाळा

भातशेती परवडत नाही, ही तक्रार पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येते आणि मजुरीचे दर पाहता ती खोटीही नाही. मात्र तिच्यामागचा हिशेब बहुधा अर्धाच मांडलेला असतो. विकलेल्या भाताची रक्कम तेवढी जमेस धरली जाते, पण घरात वर्षभर शिजणारे उकडे तांदूळ आणि गोठ्यात जाणारा पेंढा वहीत कुठेच दिसत नाहीत. घरासाठी ठेवलेले तांदूळ दुकानाच्या दराने जमेस धरावेत, कारण ते नसते तर दुकानातूनच आणावे लागले असते. एवढे करूनही तोटा दिसला, तर लावणी-कापणीचा खर्च तपासावा. लहान कुणग्यासाठी (भातशेताच्या तुकड्यासाठी) एकट्याने यंत्र आणणे महाग पडते. शेजाऱ्यांनी भाताची एकच जात एकाच सुमारास लावली, तर कापणीयंत्र एका फेरीत सगळी शेते उरकते.

जमिनीला पुढे भाव येईल म्हणून शेत पड टाकणे ही दुसरी चूक. २०२३ च्या कायद्याने भातजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले आहेत, त्यामुळे त्या आशेवर बसण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

सर्वांत जास्त नुकसान खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनीत होते. ज्योती आणि जया या जाती उत्पन्न चांगले देतात, म्हणून त्या खाऱ्या कुणग्यातही लावल्या जातात. पानांचे शेंडे पांढरे पडून सुकले, पाने गुंडाळली आणि वाढ ठिगळाठिगळांनी दिसू लागली, तर तो क्षाराचा त्रास समजावा. तिथे युरिया ओतून हिरवेपणा येत नाही, पैसा मात्र जातो. आधी मानशीची (बांधातल्या, खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेची) दारे भरतीच्या वेळी घट्ट बसतात का आणि फळ्यांच्या कडेने पाणी शिरते का, ते पाहावे. मासळीच्या पावणीतून (मानशीवर मासळी पकडण्याच्या हक्काच्या लिलावातून) पैसा मिळतो म्हणून खारे पाणी हवे तितके आत घेतले जात असेल, तर तो प्रश्न बांधावर उभे राहून सुटणार नाही, कुळांच्या बैठकीतच सोडवावा लागेल. पहिल्या जोराच्या पावसाचे पाणी कुणग्यात कोंडून ओहोटीला सोडल्याने क्षार धुऊन निघतात. त्यानंतर कोरगूट ही पारंपरिक जात किंवा क्षार सोसणाऱ्या ‘गोवा धान’ जातींची, महिनाभर वाढलेली रोपे लावावीत. कोरगुटाचे उत्पन्न कमी हे खरे, पण ज्या कुणग्यात दुसरी जात जळून जाते तिथे तुलना शून्याशी करायला हवी.

लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले, तर जस्ताची कमतरता असू शकते. अशा वेळी ०.५ टक्का झिंक सल्फेट आणि ०.२५ टक्का चुना यांच्या द्रावणाची फवारणी करावी.

नगदी पिकासाठी भाताची जागा मोडण्याची घाईही टाळावी, कारण गोड्या पाण्याच्या शेतात शरदाचे (पावसाळी) भात काढल्यावर वायंगणाला (हिवाळी हंगामात) आळसांदे (चवळीचा स्थानिक प्रकार), मिरची किंवा कलिंगड घेता येते. सगळा कुणगा कलिंगडाखाली घालून पेरणी लांबवली, की फळ वळिवात सापडते आणि दर पडतो. आळसांदे उरलेल्या ओलीवर येतात, जमिनीत नत्र सोडतात आणि वाळवून ठेवता येतात, म्हणून निदान अर्धा कुणगा त्यांना द्यावा. ते नीट वाळवून राखेत घोळून ठेवले, तर कापणीच्या गर्दीत मिळेल त्या भावाला विकावे लागत नाहीत.