वाळवी दिसली की आधी झाडू हातात घेऊ नका

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ उठली होती. मी ती झाडूने पाडली, फडक्याने पुसली, वर रॉकेल मारलं आणि निर्धास्त होऊन मुंबईला परतले. गणपतीला गेले तर चौकट वरून जशीच्या तशी. टिचकी मारली, तर पुठ्ठ्यासारखा आवाज. अंगठा टेकवला तो सरळ आत गेला. लाकडाच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या, मधे सगळी ओलसर माती.

चूक झाडूची होती. ती रेघ म्हणजे वाळवीचा झाकलेला रस्ता. तिचं अंग नाजूक, उघड्यावर सुकून मरतं, म्हणून मातीचं छप्पर करत ती लाकडापर्यंत येते. राणी खाली जमिनीत. रेघ पुसून आपण फक्त माग पुसतो, ती भिंतीतून दुसरी वाट काढते. तेव्हा आधी फोटो काढा आणि रेघ जमिनीतून कुठे वर येते ते शोधा. मग मधला बोटभर तुकडाच खरवडा. दोन-चार दिवसांत तो पुन्हा लिंपलेला दिसला, तर वाळवी आत आहे. नाही लिंपला तरी गाफील राहू नका, तिने वाट बदललेली असू शकते.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे बाहेरून येतात तोवर ठीक. पण तेच घरातल्या भिंतीच्या फटीतून निघत असतील, तर पंख झाडून केरात टाकण्याआधी नीट बघा. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ, तर ती वाळवी. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे असतात. लाकडाखाली कोरडं पीठ पडत असेल तर ते बहुधा भुंगेऱ्याचं काम, त्याचा इलाज वेगळा.

'सागाला वाळवी लागत नाही' यावरही विसंबू नका. टिकतो तो जुन्या सागाचा गाभा. भोवतीचं पांढरट लाकूड ती खाते, आणि हल्लीच्या फर्निचरमध्ये ते सर्रास असतं. प्लायवूडचंही तसंच. वॉटरप्रूफ म्हणजे वाळवीप्रूफ नव्हे, दुकानात वेगळं विचारा. सिंकखालची गळती मात्र आजच दुरुस्त करा, वाळवीला ओल लागते.

औषध मारायला येणारा नुसता फवारा मारून जात असेल तर पैसे वाया. राहत्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण ३०० मिलिमीटरवर एक, अशी १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध खालच्या मातीत मुरवतात. आयएस ६३१३ या भारतीय मानकात ही पद्धत दिलेली आहे. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध वाळवीला लगेच कळत नाही, तीच ते अंगावरून आत नेऊन इतरांपर्यंत पोचवते. म्हणून दुसऱ्या दिवशी एखादी जिवंत दिसली तर लगेच वर दुसरं काही फवारू नका. परवाना आहे का ते विचारा, आणि अंगणात विहीर असेल तर काम सुरू होण्याआधीच सांगा. हे औषध पाण्यात उतरता कामा नये.

आणि काम झाल्यावर जोत्यालगत जास्वंद लावायला खणू नका. औषध मुरलेली माती तीच असते.