कॉम्पोनंट टेस्टर ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ट्रान्झिस्टर, मॉसफेट, कपॅसिटर, काहीही खोचा, बटण दाबा, उत्तर तयार. हा छोटा टेस्टर हल्ली मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, घरपोचही येतो. स्वस्त आहे म्हणून त्याला कुणी जपत नाही, आणि जरा वेडंवाकडं रीडिंग आलं की ‘पीस खराब निघाला’ म्हणून मोकळे होतात. मूळ रचना जर्मनीतल्या मार्कुस फ्रेजेक यांची, पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी ती खूप वाढवली. दोघांनीही ती खुली ठेवली, त्यामुळे सर्किट सहज मिळतं आणि दुरुस्ती घरीही जमते. फक्त घाई नको. मी लिहितोय ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या, आत एटीमेगा३२८ ही चिप असलेल्या एलसीआर-टी४ जातीच्या टेस्टरबद्दल. रंगीत डिस्प्लेच्या टीसी१मध्ये चिप आणि बॅटरी वेगळी असते, दुखणी बरीचशी हीच.

भरलेला कपॅसिटर खोचणे

शंभरदा सांगूनही हे थांबत नाही. सॉकेटच्या १, २, ३ या तिन्ही जागा चिपच्या पायांना थेट जोडलेल्या असतात. मध्ये फ्यूज नाही, रेझिस्टर नाही. त्या पायांना ५ व्होल्टच्या वर फारसं सोसत नाही. आणि एसएमपीएसच्या (टीव्ही वगैरेंमधल्या पॉवर सप्लायच्या) मेन कपॅसिटरवर २३० व्होल्ट मेन्सचे रेक्टिफाय होऊन सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात.

ओळखीतल्या एका मुलाने नुकतंच एलईडी टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. बोर्डवरून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला आणि सरळ सॉकेटमध्ये. ‘तड’ असा आवाज झाला. पण डिस्प्ले नेहमीसारखा लागला, म्हणून गडी निश्चिंत. पूर्ण मेला असता तर बरं झालं असतं. अर्धवट मेलेला टेस्टर फार महाग पडतो. पुढे बरेच दिवस तो चांगले मॉसफेट कचऱ्यात टाकत होता आणि गिऱ्हाइकाला नव्याचे पैसे लावत होता. शेवटी कुठलासा व्हिडिओ बघून त्याने सॉकेट बदललं, त्यात बोर्डचा एक ट्रॅक उखडला, आणि मग तो टेस्टर माझ्याकडे आला.

अशा वेळी मी सोल्डरिंग गन हातात घेतच नाही. सॉकेट पूर्ण रिकामं ठेवून बटण दाबतो. ‘पार्ट नाही, अनोळखी किंवा खराब’ अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज आला तर ठीक. रिकाम्या सॉकेटमध्ये रेझिस्टर किंवा डायोड दिसला आणि प्रत्येक वेळी त्याच दोन आकड्यांमध्ये दिसला, तर त्यातला एक पाय भाजलाय. त्या मुलाच्या टेस्टरवर १ आणि ३ मध्ये रेझिस्टर दिसत होता, काहीही न खोचता!

मग बॅटरी काढून मल्टिमीटर डायोड रेंजवर. लाल प्रोब ग्राउंडला, काळा चिपच्या २३, २४, २५ या पायांना एकेक करून. तिन्ही रीडिंग सारखी हवीत, साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास. एक वेगळं आलं की चोर सापडला. सोबत त्या पायाला (मध्ये नव्हे, बाजूने) लागलेले ६८० ओहम आणि ४७० के हे दोन रेझिस्टर उरलेल्या दोन जोड्यांशी ताडून बघा. चिप बदलली आणि ६८० तसाच करपलेला राहिला, तर पुन्हा तीच रड. त्या मुलाचं नशीब की त्याची चिप बेसवाली, म्हणजे बोर्डला सोल्डर न केलेली, होती. उपसली, दुसरी बसवली, उखडलेल्या ट्रॅकवर बारीक वायर टाकली.

आता डिस्चार्ज कसा करायचा? स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं हा शहाणपणा नाही. टोक जळतं, कपॅसिटरलाही झटका बसतो. मी दोन के, दहा वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड प्रोबना लावून ठेवलाय. दोन-तीन सेकंद धरायचा, मग मल्टिमीटरवर डीसी व्होल्ट बघायचे. बघायचेच. मोठा इलेक्ट्रोलिटिक डिस्चार्ज केल्यावरही काही वेळाने आपोआप थोडे व्होल्ट परत दाखवतो, म्हणून खोचेपर्यंत दोन्ही पाय वायरने शॉर्ट करून ठेवतो. डिस्प्लेवर ‘सेल’ असं काही आलं तर तो सांगतोय की पार्टमध्ये अजून चार्ज आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, पार्ट काढा.

बॅटरी

टेस्टर चालू होऊन लगेच बंद होतो, बॅकलाइट मंद होतो, रीडिंग दर वेळी वेगळं येतं: आधी बॅटरी बदला. स्वस्तातली ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर छान नऊ दाखवते आणि लोड आला की बसते. बॅटरी नवी असूनही डिस्प्ले फक्त बटण दाबून धरेपर्यंतच राहत असेल, तर पॉवर धरून ठेवणारे छोटे ट्रान्झिस्टर तपासा. आणि क्लिपच्या वायरी हलवून बघा, त्या मुळाशी तुटतात.

कॅलिब्रेशन न करता शिव्या घालणे

सॉकेटला हातभर वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप जोडतात आणि मग २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर भलतंच काही दाखवतो म्हणून ओरडतात. वायरींची स्वतःची कपॅसिटी कुठे जाणार? एक तर हा टेस्टर साधारण २५ पिकोफॅरडच्या खाली भरवशाचा नाहीच. दुसरं म्हणजे प्रोब बदलले की सेल्फ टेस्ट, म्हणजेच कॅलिब्रेशन, पुन्हा करावी लागते. १, २, ३ आखूड उघड्या तारेने शॉर्ट करा आणि बटण दाबा. सांगितल्यावर तार काढा, आणि त्या वेळी प्रोबला हात लावू नका. काही फर्मवेअर (चिपमधले प्रोग्राम) शेवटी १ आणि ३ मध्ये १०० नॅनोफॅरडपेक्षा मोठा कपॅसिटर मागतात. तिथे चांगला फिल्म कपॅसिटर द्या, जुन्या बोर्डवरून उपटलेला नाही. ही टेस्ट बॅटरी ताजी असतानाच करायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

टेस्टरचा दोष नसलेले दोष

टेस्टरकडे फक्त ५ व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर असतात. त्यामुळे मोठा ट्रायॅक ट्रिगर होत नाही, जास्त गेट व्होल्टेज लागणारा आयजीबीटी ओळखला जात नाही, १२ व्होल्टचा झेनर साधा डायोड दिसतो. जुन्या टीव्हीच्या हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये आतच डायोड आणि रेझिस्टर असतो, त्यावर तर तो हमखास गोंधळतो. हे पार्ट फेकू नका, दुसऱ्या पद्धतीने तपासा.

बोर्डवर लागलेला पार्ट तपासू नका. फ्लक्स लागलेले पाय सॉकेटमध्ये घालू नका. जाड पायांचा मोठा मॉसफेट कोंबू नका, क्लिप लावा.

कोरी चिप बसवणे

दुकानातून आणलेली एटीमेगा३२८ कोरी असते, नाही तर तिच्यात आर्डुइनो बोर्डचा बूटलोडर (सुरुवातीचा छोटा प्रोग्राम) असतो. ती बसवली की काही दिसणार नाही, आणि मग म्हणायचं की दुकानदाराने फसवलं. फर्मवेअर चढवावंच लागतं. हेक्स (प्रोग्राम) आणि ईईपी (त्याचा डेटा), दोन्ही फाइल. बहुतेक क्लोनमधली जुनी चिप लॉक केलेली असते, त्यामुळे तिच्यातून कॉपी मिळण्याची आशा नको. बोर्डवर क्रिस्टल (चिपला ठेका देणारा पार्ट) आहे की नाही हे बघून चिपच्या आतली ‘फ्यूज’ नावाची सेटिंग करा. नसलेल्या क्रिस्टलसाठी फ्यूज लावलात तर फर्मवेअर चढवणाऱ्या प्रोग्रामर यंत्रालाही चिप सापडत नाही. आणि फर्मवेअर तुमच्याच डिस्प्लेच्या कंट्रोलरसाठी केलेलं घ्या. चुकीचं घेतलंत तर आत सगळं व्यवस्थित चालू असतं आणि डिस्प्ले कोरा राहतो, मग पुन्हा कुणीतरी सॉकेट उपसायला बसतं.