बोटीवरचा माणूस आतून खचतोय, हे ओळखायचं कसं आणि मग करायचं काय

मी चीफ कुक, गाव रत्नागिरीजवळ. बोटीवर कुणाचं बिनसलंय हे मला मेसरूममध्ये, म्हणजे जेवायच्या खोलीत कळतं, कॅप्टनच्याही आधी. भारतीय क्रू असला की रविवारी बिर्याणी ठरलेली. एखाद्याने एकदा चुकवली तर झोपला असेल म्हणायचं. पण लागोपाठ रविवार आला नाही, ताट केबिनमध्ये नेऊन अर्धं परत आणतोय, दाढी वाढलीय, रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, कधी येणार हे विचारणंही सोडलंय, तर त्याच्याकडे नीट बघा.

पहिली चौकशी झोपेची. जपानहून पनामाकडे निघालं की घड्याळ तासातासाने पुढे करत जायचं, आणि दर वेळी झोपेतला तास जातो. त्यात बारा ते चारचा वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, असली तर बोलायलाच नको. नियम असा: २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, २४ तासांतली विश्रांती फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग ६ तासांचा. कागदावर हे तास पुष्कळदा छान भरलेले असतात. म्हणून माणसालाच विचारा आणि कमी पडत असतील तर चीफ मेटच्या (कॅप्टनच्या खालचा अधिकारी) कानावर घाला.

बोलतं करायचं असेल तर चारचौघांत "टेन्शन आहे का रे?" विचारू नका. "नाय, ठीक आहे" एवढंच मिळेल. मी त्याला गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, लसूण सोलायला बसवतो. हात चालू असले की तोंड उघडतं. बहुतेक वेळा घरचंच असतं: एजंटला दिलेल्या पैशाचं कर्ज, बापाचं आजारपण, बायकोशी फोनवर झालेलं भांडण. ऐकून घ्या. "आमच्या वेळी वायफायपण नव्हतं" हे तर मुळीच ऐकवू नका. वायफायमुळे हल्ली घरची कटकट वॉच संपायच्या आत पोचते.

"जगून काय करू" असं काही निघालं तर सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट त्याला मोकळं व्हायला वाट मिळते. हो म्हणाला तर गुपित ठेवायचं नाही. "मॅनिंगवाल्यांना कळलं तर पुढचं काँट्रॅक्ट जाईल" म्हणून तो हातापाया पडेल (मॅनिंगवाले म्हणजे बोटीवर माणसं पुरवणारी कंपनी), तरी कॅप्टनला सांगायचंच. तोवर त्याला एकटं सोडू नका, रात्री डेकवर तर नाहीच. केबिनमधल्या गोळ्या, सुरी, दोरी काढून घ्या. कॅप्टन रेडिओवरून किंवा सॅटेलाइट फोनवरून डॉक्टरचा सल्ला घेऊ शकतो. रोमचं सीआयआरएम हे बोटींना वैद्यकीय सल्ला देणारं केंद्र १९३५ पासून हे काम फुकट करतंय. खलाशाला स्वतः बोलायचं असेल तर 'सीफेररहेल्प' ही खलाशांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तिथे हिंदीतही बोलता येतं.

साइन ऑफ होऊन, म्हणजे बोट सोडून, घरी गेला की फोन करत राहा, आणि त्याला १४४१६ नंबर देऊन ठेवा. ही सरकारची टेली-मानस सेवा, मराठीतही बोलतात.