खासगी पार्किंगवाल्याने दंड मागितला तर

कोणी गाडीच्या काचेवर टकटक करून दंड मागितला, की पाकिटाला हात लावण्याआधी विचारा : तुम्ही कोणाकडून? मुंबईत गाडीवर पैसे मागणारे तीन जण असतात. वाहतूक पोलीस, महापालिका आणि ठेकेदार. पहिल्या दोघांना कायद्याने दंड करता येतो. मॉलचा, हॉस्पिटलचा किंवा पे अँड पार्कचा ठेकेदार तुम्हाला जागा वापरायला देतो आणि तिचे भाडे घेतो. तो सरकार नाही, त्यामुळे मोटार वाहन कायद्याचे चलान तो फाडू शकत नाही.

हे ठणकावून सांगते, कारण जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपासच्या बेकायदा पार्किंगला ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड लावला होता. ते आकडे लोकांच्या डोक्यात अजून आहेत. ठेकेदाराचा पोऱ्या ‘पाच हजार होतील’ म्हणाला, की माणूस घाबरून पाचशेवर तोडपाणी करतो आणि सुटलो म्हणतो. तो दंड महापालिकेचा होता, ठेकेदाराच्या खिशातला नव्हता.

माझा परळला डब्यांचा आणि फराळाचा व्यवसाय आहे. आमची इको व्हॅन दिवसभर कुठल्या तरी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये नाहीतर मॉलच्या मागच्या गेटला उभी असते. लोअर परळच्या एका इमारतीत आमच्या चालकाला उशीर झाला, तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर आणि काचेवर स्टिकर : दंड १,५०० रुपये. स्टिकरवर कंपनीचे नाव नाही, फोन नंबर नाही. जॅमरची चावी ज्याच्याकडे होती तो म्हणाला, पावती नको असेल तर हजारात करू. पावती हवी म्हटल्यावर त्याने खिशातून साधी वही काढली. चालकाने मला फोन केला. मी सांगितले, एक पैसा देऊ नकोस, आधी फोटो काढ.

फोटो कशाकशाचे, ते महत्त्वाचे. जॅमर लावलेले चाक आणि नंबरप्लेट एकाच फोटोत. काचेवरचा स्टिकर. आत येताना मिळालेली पावती, दोन्ही बाजूंनी. आणि दरांचा फलक, तो जिथून दिसतो किंवा दिसत नाही त्या जागेवरून. आमच्या वेळी फलक खांबाच्या मागे होता आणि त्यावर फक्त तासाचे दर होते, जॅमरचा शब्द नव्हता. जी अट आत शिरताना दाखवलीच नाही, ती बाहेर पडताना लादता येत नाही. अट लिहिलेली असली तरी १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की भरपाई वाजवीच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. मी तिथे जाऊन मॅनेजरला बोलवा म्हटले, नाहीतर ११२ ला फोन लावते म्हटले. जास्तीच्या तासांचे पैसे घेऊन जॅमर निघाला. ते पैसे आमच्याकडून येणे होतेच, ते द्यायलाच हवेत.

जॅमर स्वतः तोडू नका, बूम बॅरियर ढकलून निघू नका. नुकसानीची तक्रार तुमच्यावरच उलटेल. रुग्ण सोबत आहे, विमान गाठायचे आहे, अशा वेळी पैसे भरून मोकळे व्हा. मात्र रोख नको, यूपीआयने भरा आणि पावतीवर किंवा तिथूनच पाठवलेल्या मेसेजमध्ये लिहा : ‘रक्कम मान्य नाही. गाडी सोडवण्यासाठी हक्क राखून भरत आहे.’ नंतर परत मागताना हे वाक्य हाताशी लागते.

पावती हरवली म्हणून अख्ख्या दिवसाचे पैसे मागतात, हा दुसरा नेहमीचा प्रकार. गाडी तुमचीच आहे हे पाहणे त्यांचे काम, तेव्हा डिजिलॉकरमधले आरसी आणि लायसन्स दाखवा. मग म्हणा, कॅमेऱ्यात आत आल्याची वेळ बघा. सिनेमाचे तिकीट, दुकानाचे बिल, जेवणाचे यूपीआय पेमेंट यांवरूनही वेळ सिद्ध होते. मला तरी कॅमेरा आणि नोंद असताना दिवसभराचे पैसे घेणे ही उघड लूट वाटते.

‘मालकाच्या जबाबदारीवर’ हा फलक पाहूनही गप्प बसू नका. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात व्हॅलेकडे, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे, दिलेली गाडी चोरीला गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला अशा फलकाआड सुटता येणार नाही.

व्हॉट्सॲपवर ब्रिटनचे किस्सेही फिरतात. तिथे २०१२ च्या कायद्याने खासगी कंपनीला गाडीच्या मालकामागे लागता येते आणि २०१५ मध्ये ८५ पौंडांची आकारणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. तो इंग्लंड आणि वेल्सचा मामला आहे, परळच्या ठेकेदाराला लागू नाही. मोबाइलवर ‘चलान’ म्हणून फाइल आली तर ती उघडू नका, खरे चलान वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर दिसते.

पैसे परत मागायचे तर आधी व्यवस्थापनाला ईमेल करा : तारीख, वेळ, गाडी नंबर, फोटो आणि उत्तरासाठी पंधरा दिवस. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. सेवेची पावती न देणे हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकीलही लागत नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. अर्ज कसा लिहावा हे कळेनासे झाले तर मुंबई ग्राहक पंचायतीत विचारा, तिथली माणसे अशा तक्रारींत मुरलेली आहेत.

रस्त्यावरचा पे अँड पार्क असेल तर थेट महापालिकेच्या विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. ठेकेदाराला कोणते दर मंजूर आहेत, त्याची मुदत कधी संपली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.