बंदीचे दोन महिने आणि हिरड्यांच्या उपचारांची तयारी

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हर्णैसारख्या बंदरात तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, पडवीत जाळ्यांची डागडुजी चालू असते, आणि एरवी दवाखान्यासाठी अर्धा दिवसही न काढू शकणारा माणूस घरी सापडतो. हिरड्यांच्या उपचारांना साधारण एवढाच काळ लागतो. पहिली तपासणी, आवश्यकतेनुसार दोन ते चार वेळा बसून केलेली सफाई आणि ती संपल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी हिरडी दातापासून किती सुटली आहे याची पुन्हा मोजणी, हे सारे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर जुलैअखेर बसते. म्हणून तयारी मे महिन्यातच करावी. ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांनी लावणीच्या दिवसांत तारखा घेऊ नयेत. गुडघाभर चिखलातून उठून कोणी दातांसाठी तालुक्याला जात नाही, आणि एक तारीख चुकली की पुढच्याही चुकतात.

सर्वांत आधी आपले तोंड आपणच पाहावे. सकाळी दात घासण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात, आरसा घेऊन ओठ वर उचलावा आणि हिरडीची कड दाताला कशी चिकटली आहे ते पाहावे. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या जन्मतःच सावळ्या असतात, तो आजार नव्हे. कड फुगीर, चकचकीत आणि लालसर दिसणे, घासताना रक्त येणे, दाबल्यावर पू येणे, दात पूर्वीपेक्षा लांब दिसणे, दोन दातांमध्ये नव्याने फट पडणे, चावताना दात हलणे आणि तोंडाला न जाणारी दुर्गंधी येणे, यांपैकी जे आढळेल ते कोणत्या बाजूला व किती दिवसांपासून आहे, यासह कागदावर लिहून ठेवावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तप्रवाहावर परिणाम होऊन रक्त कमी येते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. गालात किंवा जिभेवर दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही असेल तर बंदीची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात दाखवावे. चेहऱ्यावर सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माझी आई मशेरी लावत असे. तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटून गाळायची आणि पत्र्याच्या लहान डबीत भरायची. त्या वासाने आम्हा मुलांना ठसका लागत असे. मशेरीने दात घट्ट राहतात, असे तिला तिच्या सासूने सांगितले होते. ज्या बाजूला ती बोट फिरवून मशेरी दाबून ठेवी, त्याच बाजूची हिरडी हळूहळू खाली सरकली आणि पिवळट मुळे उघडी पडली. पुढे भाकरी कालवणात कुस्करल्याशिवाय तिला खाता येईना. एके दिवशी जेवताना तिने तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवले. मला तो माशाचा काटा वाटला, पण तो तिचा खालचा दात होता. त्याला कीड नव्हती, मुळावर मात्र किटणाचा काळपट, खरखरीत थर होता. तेवढे वय होईपर्यंत तिला कोणी दातांच्या डॉक्टरांकडे नेले नव्हते, मीही नाही, आणि ही यादी मी त्यासाठी लिहिते आहे.

तिच्या दातावरचा तो थर एका दिवसात झालेला नव्हता. दातांवर रोज जंतूंचा मऊ, चिकट थर धरतो. तो निघाला नाही तर एक-दोन दिवसांतच लाळेतील क्षार त्यात बसू लागतात आणि त्याचे किटण होते. मऊ थर ब्रशने जातो, किटण जात नाही. सुरुवातीला केवळ हिरडी सुजते, आणि ही अवस्था पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झाले तर हिरडी दातापासून सुटून तेथे खोबण तयार होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. ते बहुधा पूर्ववत भरून येत नाही. उपचाराने आजार थांबवता येतो व उरलेले हाड वाचवता येते, एवढी अपेक्षा मनाशी धरून जावे.

जाण्यापूर्वी कागद एकत्र करावेत. रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून न्यावीत, कारण नाव विसरले जाते, पाकीट खोटे बोलत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये; दातांच्या डॉक्टरांना सांगावे आणि त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल तर सफाईपूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते, हे आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. रक्तदाबाची अम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटोइन या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढतात, तेही बोलून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून अहवाल बरोबर न्यावा. साखर वाढलेली असली की हिरड्या भरत नाहीत आणि हिरड्यांत पू असला की साखर आटोक्यात येत नाही. ही दोन्ही दुखणी एकमेकांना पोसतात. गरोदर स्त्रियांनी हिरड्यांतून रक्त येते म्हणून घाबरू नये व उपचारही टाळू नयेत, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो.

दवाखान्याला फोन करून तारखा आधी बांधून घ्याव्यात. सफाईचे यंत्र विजेवर चालते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून जनित्र किंवा इन्व्हर्टर आहे का हे विचारावे आणि निघण्यापूर्वी पुन्हा एक फोन करावा. शक्य असेल तर हिरड्यांच्या तज्ज्ञाची, म्हणजे पेरिओडोंटिस्टची, वेळ कोणत्या वारी मिळते तेही विचारावे. छोट्या गावांत ते ठरावीक दिवशीच येतात. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातील दंत विभागात चौकशी करावी.

त्या दिवशी उपाशी जाऊ नये. पोटभर न्याहारी करावी, मधुमेहाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी, दात घासून जावे. डॉक्टर बारीक खुणा केलेली बोथट सळई हिरडीच्या कडेने फिरवून प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंतची खोली ठीक मानली जाते, ४ आणि त्यापुढे लक्ष द्यावे लागते. हे आकडे लिहिलेल्या तक्त्याची प्रत किंवा मोबाइलवर छायाचित्र मागून घ्यावे, कारण जुलैअखेर याच आकड्यांशी तुलना करायची आहे. मोजणी न करता केवळ दात चकचकीत करून दिले, तर ‘खोबणी किती खोल आहेत?’ हा प्रश्न नम्रपणे पण अवश्य विचारावा. खोल सफाईच्या वेळी जागा बधिर करतात; बधिरता उतरेपर्यंत गरम पेज किंवा चहा घेऊ नये, गाल भाजतो.

सफाईने दात सैल होतात, असे गावोगाव ऐकू येते. सूज उतरली की हिरडी आकसते, किटण निघालेल्या जागी फट दिसते आणि थंड पाणी काही दिवस झोंबते, त्यावरून तो समज झाला आहे. दात हाड झिजल्यामुळे आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते झाकलेले होते इतकेच. चूळ भरण्यासाठी क्लोरहेक्सिडिनचे औषधी पाणी दिले असेल तर सांगितलेले दिवसच वापरावे. त्याने दातांवर तपकिरी डाग येतात व चव बदलते. टूथपेस्ट लावल्यानंतर लगेच त्याने चूळ भरू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.

घरी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि फटींच्या मापाचे दातांमधले लहान ब्रश आणून ठेवावेत. माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून थोड्या थोड्या जागी हलवावा, करवतीसारखा ओढू नये. राखुंडी, कोळसा आणि विटेची पूड यांना रजा द्यावी. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरल्यास बरे वाटते, ती जरूर भरावी, पण त्याने किटण निघत नाही.

मशेरी, गुटखा, विडी सोडण्याचा दिवस पहिल्या सफाईच्या तारखेलाच धरावा. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे बायका सांगतात. ती निकोटिनची सवय आहे आणि सुरुवातीचे काही दिवस त्रास होतो, हे घरातील माणसांना आधीच माहीत असावे, म्हणजे चिडचिड समजून घेतली जाईल. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य समुपदेशन मिळते. तो क्रमांक डबीच्या जागी फडताळात चिकटवून ठेवावा.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले; १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू करताच पुन्हा बऱ्या झाल्या. समुद्रावर अनेक दिवसांच्या फेरीत नेमके घासणेच सुटते. म्हणून जुलैअखेरची मोजणी झाली, जेथे खोबणी अजून खोल आहेत तेथे पुढे शस्त्रक्रिया लागेल का हे विचारून झाले, की होडी लोटण्यापूर्वी तांदूळ-मिठाबरोबर डब्यात प्रत्येक खलाशाचा नाव घातलेला ब्रश, पेस्ट आणि झाकणाची बाटली ठेवावी, गोडे पाणी त्यासाठी दिवसाला एक पेला जास्त धरावे, आणि तीन महिन्यांनंतरची, म्हणजे ऑक्टोबरअखेरची, तारीख तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, सांगून ठेवावी.