सहा संध्याकाळी मिशनचा अभ्यास: ठाणे-नवी मुंबईतल्या मिश्र गटासाठी आराखडा

वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) मिशनविषयी, म्हणजे सुवार्ता सांगण्याच्या आणि सेवेच्या कामाविषयी, काय मानतात याची सहा मंगळवारी तुलना करायची आहे. त्यासाठी बारा माणसं पुरेत. पंधराच्या वर जाऊ नका. त्यांत किमान चार मंडळ्यांची परंपरा हवी आणि प्रत्येकीतून दोघं तरी हवेत. एकटा माणूस आपल्या मंडळीचा वकील होऊन बसतो. शेजारी त्याच मंडळीचा दुसरा असला, की ‘आमच्याकडे सगळेच असं मानत नाहीत’ हे वाक्य आपोआप येतं आणि चर्चा खऱ्यावर येते.

ठाणे-नवी मुंबईत अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबई महाधर्मप्रांतातले ईस्ट इंडियन, कोकणी आणि मराठी कॅथलिक आहेत, १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांतातले सिरो-मलबार (केरळी परंपरेचे कॅथलिक) आहेत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि मेथडिस्ट हे प्रोटेस्टंट आहेत, मूळ केरळचे मार्थोमा आणि मलंकारा ऑर्थोडॉक्स आहेत. शिवाय भाड्याच्या हॉलमध्ये किंवा फ्लॅटमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्या आहेत. एकत्र अभ्यासाचं निमंत्रण नेमकं या शेवटच्यांना जायचं राहतं. मग गट बसून त्यांच्याविषयी बोलतो, त्यांच्याशी नाही. पहिला फोन त्यांनाच करा.

फादर, पाळक किंवा अच्चन (केरळी मंडळ्यांचे धर्मगुरू) यांना कळवा, त्यांचा आशीर्वाद आणि हॉलची परवानगी घ्या, पण चर्चेच्या खुर्चीवर बसवू नका. ते बोलले की त्यांच्या मंडळीतले बाकीचे गप्प होतात. सूत्रसंचालन प्रत्येक संध्याकाळी ज्या परंपरेचा विषय नाही तिच्या माणसाकडे द्या.

वार मंगळवार. बुधवारी कॅथलिकांची नोव्हेना प्रार्थना, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी गायनवृंदाचा सराव आणि कॅथलिकांची संध्याकाळची मिस्सा (उपासना), रविवार तर गेलाच. महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर: लोकल पावसात अडकत नाहीत, नाताळची धावपळ सुरू झालेली नसते, आणि ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी कॅथलिक मंडळ्यांत जागतिक मिशन रविवार असतो (१९२६ पासून), त्यामुळे विषय हवेत असतोच. दिवाळीचा आठवडा सोडा. जागा ठाणे-वाशी मार्गावरच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या आणि एकदा ठाण्याकडे, एकदा वाशी-नेरूळकडे अशी फिरती ठेवा.

पाच प्रश्न, सगळ्यांना तेच

तुलना फसते ती एकाच कारणाने: आपल्या परंपरेचा आदर्श आणि दुसऱ्याच्या परंपरेचा व्यवहार समोरासमोर ठेवला जातो. आपल्याकडची सुंदर शिकवण, त्यांच्याकडचा तो अमुक उपदेशक. यावर उपाय म्हणजे प्रत्येक परंपरेला तेच पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर आधी तिच्या मान्य मजकुरातून काढायचं:

१. मिशनची सुरुवात कुठे होते? त्रैक्यात (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), ख्रिस्ताच्या आज्ञेत, पवित्र आत्म्याच्या ओतण्यात, की उपासनेत?
२. ते करतो कोण? संपूर्ण मंडळी, पाठवलेली माणसं, की देव स्वतः आणि आपण फक्त सहभागी?
३. शेवटी काय घडायला हवं? एकेका माणसाचं तारण, नवी मंडळी, न्यायाचं राज्य, की सृष्टीचं नवेपण?
४. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याबद्दल काय म्हटलं आहे?
५. मिशन नीट चाललं आहे हे कशावरून ओळखायचं?

हे प्रश्न मोठ्या कागदावर उभे आणि परंपरा आडव्या लिहून भिंतीवर लावा. दर मंगळवारी एक रांग भरायची, पेन्सिलने. तिसऱ्या प्रश्नाच्या रकान्यात सर्वांत जास्त खाडाखोड होईल. होऊ द्या.

वेळ दीड तास: दहा मिनिटं प्रार्थना, पंचवीस मिनिटं वाचन, पंधरा मिनिटं त्या परंपरेतल्या दोघांचं बोलणं, तीस मिनिटं प्रश्न, दहा मिनिटं रकाने भरणं. वाचनाचा मजकूर दोन पानांच्या वर नको आणि तो मराठीत हवा. मूळ दस्तऐवज इंग्रजीत मिळतात. निवडलेल्या परिच्छेदांचं साधं मराठी रूपांतर गटातल्या दोघांनी आठवडाभर आधी करावं. हे टाळलं, तर इंग्रजी सफाईने बोलणारे दोन-तीन जणच सहाही आठवडे बोलतात.

पहिली संध्याकाळ: फक्त शास्त्र (बायबल)

मत्तय २८:१८-२०, लूक ४:१६-२१, योहान २०:१९-२३, प्रेषितांची कृत्ये १:६-८. चारही वाचा आणि प्रत्येकाला विचारा, तुमच्या मंडळीत यातला कोणता उतारा सर्वांत जास्त ऐकू येतो? उत्तरं वेगळी येतात, आणि पुढच्या पाच आठवड्यांचा नकाशा त्या दहा मिनिटांत दिसतो. मत्तयाच्या उताऱ्याला प्रोटेस्टंट मिशनमध्ये आज जे वजन आहे, त्यामागे इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीने १७९२ साली मांडलेला युक्तिवाद आहे: ही आज्ञा फक्त प्रेषितांपुरती नव्हती, आजही लागू आहे. त्याच्या काळात हे सर्वांना मान्य नव्हतं, हे सांगायला विसरू नका.

दुसरी: कॅथलिक

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ७ डिसेंबर १९६५ चा ‘अ‍ॅड जेंतेस’ हा आदेश घ्या, त्यातला दुसरा परिच्छेद. मंडळी स्वभावतःच मिशनरी आहे आणि त्याचं मूळ पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या पाठवले जाण्यात आहे, असं तो म्हणतो. जोडीला पोपनी काढलेल्या दोन दस्तऐवजांतून: १९७५ च्या ‘एव्हान्जेली नुन्तियांदी’मधला संस्कृतींना सुवार्तेचा स्पर्श होण्याविषयीचा परिच्छेद आणि १९९० च्या ‘रेदेम्प्तोरिस मिस्सियो’चा तेहेतिसावा. या शेवटच्यात तीन परिस्थिती वेगळ्या केल्या आहेत: जिथे ख्रिस्त माहीतच नाही, जिथे मंडळी जिवंत आहे, आणि जिथे बाप्तिस्मा झालेले लोक श्रद्धेपासून दूर गेले आहेत. नवी मुंबईच्या एकाच सेक्टरमध्ये तिन्ही सापडतात. उदाहरणं गटाला काढू द्या.

इथे प्रोटेस्टंट मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: ‘मग इतर धर्मीयांशी संवादही करायचा आणि सुवार्तेची घोषणाही, हे दोन्ही कसं?’ कॅथलिक उत्तर असं, की आंतरधर्मीय संवाद हा मिशनचाच भाग आहे, पण त्याने घोषणेची जागा घेतलेली नाही. हे उत्तर पटलंच पाहिजे असं नाही. रकान्यात मात्र नीट उतरलं पाहिजे.

तिसरी: पूर्वेकडच्या मंडळ्या

‘ऑर्थोडॉक्स मंडळ्या मिशन करत नाहीत’ हा समज या संध्याकाळी बाजूला ठेवायचा. त्यांच्या मांडणीत मिशन उपासनेतून निघतं. कुर्बाना (त्यांची ख्रिस्तप्रसादाची उपासना) संपल्यावर रस्त्यावर जे सुरू होतं, त्याला रोमेनियन ऑर्थोडॉक्स धर्मपंडित इऑन ब्रिया यांनी उपासनेनंतरची उपासना म्हटलं. म्हणून नुसतं वाचून भागणार नाही. त्याआधीच्या रविवारी गटाने एखाद्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कुर्बानाला हजर राहावं. उपासना लांब असते, बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि ख्रिस्तप्रसाद इतर मंडळ्यांच्या लोकांना दिला जात नाही. हे आधीच सांगा, नाहीतर रांगेत उभं राहून परत फिरण्याची वेळ येते आणि तो कडूपणा सहाव्या आठवड्यापर्यंत पुरतो. कॅथलिक मिस्सेलाही तोच नियम गृहीत धरून चाला.

मार्थोमा याच संध्याकाळी घ्या: उपासना सिरियन, वळण सुधारणावादी, आणि १८८८ पासून स्वतःचा सुवार्ताप्रसारक संघ. परदेशी मिशनच्या छायेबाहेर भारतीयांनी उभं केलेलं काम म्हणून त्याला निम्मा वेळ द्यावा.

चौथी: सीएनआय आणि ऐक्यवादी धारा

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली. त्या ऐक्यामागे मिशनचाच प्रश्न होता: सांगणारेच विभागलेले असतील तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? धागा १९१० च्या एडिंबरो मिशन परिषदेपासून धरा. तिथे भारतीय पाळक व्ही. एस. अझरिया यांनी मिशनऱ्यांकडे त्यागाहून वेगळी गोष्ट मागितली: मैत्री. पुढे १९५२ च्या विलिंगेन मिशन परिषदेतून मिशन मुळात देवाचं आहे, मंडळीचं नाही, हा विचार रुजला. १९६५ च्या कॅथलिक आदेशातलं त्रैक्याचं मूळ आणि हा विचार शेजारी ठेवले, की भिंतीवरचा पहिला रकाना जवळजवळ सारखा भरतो. गट इथे पहिल्यांदा चकित होतो.

वाचनाला अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेतल्या मिशनच्या पाच खुणा सोप्या पडतात: घोषणा, नव्या विश्वासणाऱ्यांना शिकवण व बाप्तिस्मा, सेवा, अन्यायी रचनेत बदल, सृष्टीचं जतन. जागतिक मंडळ्यांच्या परिषदेचं २०१२ चं निवेदन पुढची पायरी घेतं आणि मिशन काठावरच्या माणसांकडून सुरू होतं म्हणतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराला मंडळीने काय दिलं हा नेहमीचा प्रश्न उलटा करा: त्याच्याकडून मंडळीला काय मिळालं?

पाचवी: इव्हॅन्जेलिकल आणि पेंटेकॉस्टल

या दोघांना एकत्र गुंडाळू नका. इव्हॅन्जेलिकलांकडे (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांकडे) मजकूर आहे: १९७४ चा लोझान करार, पंधरा परिच्छेदांचा. त्यातला पाचवा सामाजिक जबाबदारी मान्य करतो, सहावा सुवार्ता सांगण्याला मंडळीच्या सेवेत अग्रक्रम देतो. दोन्ही एकत्रच वाचा. नुसता सहावा वाचला तर ‘यांना गरिबांचं काही नाही’ हा निष्कर्ष निघतो, तो चुकीचा आहे.

पेंटेकॉस्टलांकडे सर्वांना बांधणारा एकच दस्तऐवज नाही. त्यांच्याकडून साक्ष (विश्वासाचा स्वतःचा अनुभव) ऐकायची, पण दहा मिनिटांत आणि पाच प्रश्नांच्या चौकटीत; साक्ष सुरू झाली की घड्याळ कुणी पाहत नाही. संदर्भ महाराष्ट्रातलाच द्या. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, म्हणजे जिथून ही चळवळ सुरू झाली असं सहसा सांगतात त्या लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटच्या संजीवनाच्या एक वर्ष आधी. पेंटेकॉस्टल चळवळ अमेरिकेतून आयात झाली असं सरसकट म्हणणाऱ्यांना ही तारीख द्यावी.

वेळ उरला तर नारायण वामन टिळक. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांसाठी. आपल्या परंपरेत हे बसेल का, असं प्रत्येकाला विचारा.

मधली शनिवार सकाळ: ठाणे

चौथ्या आणि पाचव्या बैठकीच्या मध्ये दोन तास पायी. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या कामाशी जोडलेलं आहे. सेंट जेम्स चर्चचं समर्पण अँग्लिकन बिशप हेबर यांनी १८२५ साली केलं. पण ठाण्याची मिशनकथा याहून जुनी आहे. १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती इथे मारले गेले. डोमिनिकन साधू जॉर्डनसने त्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि प्रवासी फ्रान्सिस्कन साधू ओडोरिकने पुढे अस्थी चीनकडे नेल्या.

ही कथा सांगताना दोन पथ्यं पाळा. मजकूर सगळा एका बाजूचा, पाश्चात्त्य साधूंचा आहे. त्यांच्या मृत्यूआधी काझीशी झालेल्या वादाचं दुसरं कथन हाती नाही, म्हणून आजच्या शेजाऱ्यांवर तिचं ओझं टाकू नका. दुसरं, ओडोरिकच्याच वृत्तांतात ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका प्राचीन मंडळीच्या) ख्रिस्त्यांची पंधरा घरं असल्याचा उल्लेख आहे, आणि तो त्यांना पाखंडी म्हणतो. पूर्वेकडची मंडळी इथे आधीच राहत होती, पाहुणे नंतर आले. हा तपशील तिसऱ्या बैठकीच्या रकान्यात परत जाऊन लिहावा.

सहावी: मेंढरं कुणाची

खरा कस इथे लागतो. दुसऱ्या धर्माबद्दल बोलताना सगळे सभ्य असतात; एका मंडळीचं कुटुंब दुसरीकडे गेल्याचा विषय निघाला की आवाज चढतो. त्यातही पुनर्बाप्तिस्मा. कॅथलिक चर्च सीएनआयचा त्रैक्याच्या नावाने पाण्याने केलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरतं. बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्या बालपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत आणि प्रौढाला पुन्हा पाण्यात नेतात. एकाला हे आज्ञापालन वाटतं, दुसऱ्याला अपमान. या मतभेदाचा निकाल सहाव्या संध्याकाळी लागणार नाही, तसा प्रयत्नही नको. वागण्याचे नियम मात्र ठरवता येतात.

त्यासाठी २८ जून २०११ चं ‘बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्ष’ हे निवेदन घ्या. व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, जागतिक मंडळ्यांची परिषद आणि जागतिक इव्हॅन्जेलिकल आघाडी अशा तिघांनी मिळून ते काढलं, म्हणून ‘हे तुमचं, आमचं नाही’ म्हणायला फार जागा उरत नाही. त्यात बारा तत्त्वं आहेत. आमिष, फसवणूक आणि जबरदस्ती नाकारणारी, आजार बरे करण्याच्या सेवेत सावधपणा सांगणारी आणि दुसऱ्याविषयी खोटी साक्ष न देण्याविषयीची निवडा. ती आधी इतर धर्मीयांना लावून वाचा, मग ‘शेजारची मंडळी’ हे शब्द घालून पुन्हा वाचा.

कायद्याचा प्रश्न कुणीतरी काढेलच. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क देतं. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही असं म्हटलं. यापुढचं वकिलाला विचारा. गटाने अंदाज बांधू नयेत.

शेवटची वीस मिनिटं एका पानासाठी राखा. गटाला मान्य अशी पाच-सहा वाक्यं, प्रत्येकात एक ठोस क्रियापद: दुसऱ्या मंडळीचा सभासद आला तर त्याच्या पाळकाला कळवू, रुग्णालयात विचारल्याशिवाय प्रार्थना करणार नाही, अशी. एकालाही अमान्य असलेलं वाक्य वगळा, पण खाली ‘यावर एकमत नाही’ म्हणून लिहून ठेवा. पान सर्व पाळकांना आणि धर्मगुरूंना द्या, आणि भिंतीवरचा पेन्सिलचा तक्ता फोटो काढून गटात टाका. १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात तेच पान पुन्हा काढून काय पाळलं गेलं ते तपासा.